भुलीतून लवकर सावरायचं तर तयारी आठवडाभर आधी: मणक्याच्या ऑपरेशनमधली औषधं, क्रमाने

ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराशी थांबलेल्या नातेवाईकांचा ठरलेला प्रश्न असतो: "लवकर शुद्धीवर यायचं इंजेक्शन देता येत नाही का?" तसं एकच इंजेक्शन नसतं. भुलीचे भाग तीन: झोप, स्नायूंची शिथिलता आणि वेदना दाबणारं औषध. हे तिन्ही वेगवेगळ्या औषधांनी येतात आणि वेगवेगळ्या गतीने उतरतात. पेशंट दोन तासांत पाणी पितो की दुसऱ्या दिवशीही गुंगीत आणि उलट्यांत पडून राहतो, हे बरंचसं आधीच्या आठवड्यात कोणती गोळी चालू ठेवली, कोणती थांबवली आणि भूलतज्ज्ञाला काय सांगितलं यावर ठरतं.

खालच्या मात्रा प्रौढांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या आहेत. त्या डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून दिल्यात, घरी स्वतःहून घेण्यासाठी नव्हेत.

## १. सात ते दहा दिवस आधी: औषधांची खरी यादी

भूलपूर्व तपासणीला, म्हणजे मुंबईत सगळे ज्याला 'फिटनेस' म्हणतात त्याला, जाताना गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. "बीपीची एक पांढरी आणि शुगरची एक छोटी" यावरून कोणालाही काही ठरवता येत नाही. केईएम, सायन, नायरसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत केस पेपरवर सगळी नोंद होते. खासगीत सर्जन, फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ तीन वेगळ्या ठिकाणी बसलेले असू शकतात, त्यामुळे एकाला सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत पोचलं असेल असं धरू नका.

पुढच्या गोष्टी हमखास सांगायच्या राहतात:

- रक्त पातळ करणारी औषधं. मणक्यात थोडा रक्तस्राव झाला तरी नसांवर दाब येतो. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आणि वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवतात. रिव्हॅरॉक्सॅबान, अपिक्सॅबान २ ते ३ दिवस आधी, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून आधी. ॲस्पिरिनचा निर्णय पेशंटगणिक बदलतो. हृदयात स्टेंट असेल तर यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका. कार्डिओलॉजिस्टने तारीख लिहून द्यायला हवी.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. साखरेच्या या गोळ्या किमान ३ दिवस आधी थांबवतात. न थांबवता उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल साचतं. तेव्हा साखर जवळपास नॉर्मल दिसते; पेशंटला उलट्या, धाप आणि सुस्ती येते आणि सगळे म्हणतात, "भुलीचा परिणाम आहे, उतरेल." मेटफॉर्मिनच्या काही जोडगोळ्यांतही हे औषध असतं, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.
- सेमाग्लुटाइडसारखी वजनाची किंवा साखरेची औषधं. यांनी पोट उशिरा रिकामं होतं. शेवटचा डोस कधी घेतला ती तारीख सांगा.
- पाठदुखीसाठी लावलेली बुप्रेनॉर्फिनची पट्टी. ती कपड्याखाली असते म्हणून विसरली जाते. ओटीत पेशंटवर गरम हवेचं पांघरूण घालतात, आणि उष्णतेने पट्टीतलं औषध जास्त वेगाने अंगात जातं. काढायची की ठेवायची हे भूलतज्ज्ञ सांगेल, पण आहे हे त्याला कळलं तर.
- प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट ही स्टिरॉइडं. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी काही आठवडे घेतलं असेल तरी सांगा. अचानक बंद केल्यास ऑपरेशननंतर बीपी पडतं आणि सावरणं रेंगाळतं.
- झोपेची गोळी. अल्प्राझोलाम वर्षानुवर्षं रोज रात्री घेणारे ज्येष्ठ घरोघरी आहेत. लपवू नका आणि अचानक बंदही करू नका.
- काढे, चूर्णं, 'नैसर्गिक' कॅप्सूल. अश्वगंधेने गुंगी वाढू शकते, लसणाच्या अर्काने रक्तस्राव. साधारण दोन आठवडे आधी, म्हणजे या तपासणीच्याही आधी, थांबवणं बरं.

दारूचं प्रमाण खरं सांगा. रोज घेणाऱ्याला दारू सुटल्यावर पहिल्या २४ तासांतच थरथर आणि घाम, आणि दोन-तीन दिवसांत भ्रम सुरू होऊ शकतो. कारण आधी ठाऊक असेल तर औषध तयार ठेवता येतं. तंबाखू, मिश्री, गुटखाही यात आला. गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर श्वासनळीत नळी घालणं अवघड होतं. तीन बोटं उभी तोंडात मावतात का ते घरीच पाहा. मावत नसतील तर तपासणीच्या वेळी आवर्जून दाखवा.

> तपासा: घोरणं, झोपेत श्वास अडकणं, घरात कोणाला भुलीचा गंभीर त्रास झालेला असणं, हलणारे दात, कवळी. झोपेत सीपॅप मशीन (हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं) लावत असाल तर ते रुग्णालयात सोबत न्या. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री त्याची गरज घरच्यापेक्षा जास्त असते.

## २. उलटीचा अंदाज आधी घ्या

हा मुद्दा दोन मिनिटांचा आहे, पण दुसरा दिवस कसा जाईल ते यावर ठरतं. चार प्रश्न: पेशंट स्त्री आहे का? धूम्रपान न करणारी व्यक्ती आहे का? (होय, इथे न ओढणाऱ्यांनाच त्रास जास्त.) पूर्वी भुलीनंतर उलट्या झाल्यात का, किंवा घाटात गाडी लागते का? ऑपरेशननंतर मॉर्फिनच्या जातीचं औषध लागणार आहे का? मणक्याच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये शेवटच्याचं उत्तर बहुधा 'हो' असतं.

चारही 'हो' असतील तर उलट्यांची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास जाते, एकही नसेल तर १०. "मला कशेडी घाटात हमखास गाडी लागते" हे वाक्य भूलतज्ज्ञाच्या फार उपयोगाचं आहे. ते ऐकून तो सुरुवातीला डेक्सामेथासोन (४ ते ८ मिग्रॅ), शेवटाला ओंडॅनसेट्रॉन (४ मिग्रॅ) आणि झोपेसाठी वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल अशी आखणी करू शकतो.

डेक्सामेथासोनने मधुमेहींची साखर दुसऱ्या दिवशी वाढते. ती भुलीची गुंतागुंत नव्हे, पण सिस्टरने साखर तपासत राहायला हवं.

## ३. आदल्या रात्रीपासून ओटीच्या दारापर्यंत

"रात्री बारानंतर काही नाही" हा नियम सोपा म्हणून चालतो. प्रत्यक्षात वेळा अशा:

1. तळलेलं, मटण, भरपेट जेवण: ८ तास आधी बंद.
2. हलकं जेवण, दूध आणि दुधाचा चहा: ६ तास आधी बंद.
3. पाणी, कोरा चहा, गर नसलेलं गाळलेलं नारळपाणी: २ तास आधीपर्यंत, भूलतज्ज्ञाने परवानगी दिली असेल तर.

सगळ्यात जास्त ऑपरेशनं पुढे ढकलली जातात ती दुसऱ्या ओळीमुळे. "फक्त अर्धा कप चहा" ही पोटाच्या दृष्टीने दुधाचीच गोष्ट.

उलटी चूकही तितकीच नेहमीची. सकाळी आठची केस लांबत दुपारी दोनला जाते आणि पेशंट चौदा तास कोरडा पडून असतो. मुंबईच्या दमटपणात बिनएसीच्या वॉर्डात याचा परिणाम ओटीत दिसतो: बीपी पडतं, नंतर डोकं दुखतं, मळमळ वाढते. म्हणून वेळ पुढे गेली की सिस्टरला विचारा, "आता पाणी चालेल का, की सलाईन लावता?" पण न विचारता एक घोटही देऊ नका.

सकाळच्या गोळ्या दोन घोट पाण्यासोबत:

- घ्यायच्या: थायरॉइडची, मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर, ॲम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलची, फिट्सची, दम्याचा पंप.
- बहुधा टाळायच्या: टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल (भुलीत बीपी फार खाली नेतात, म्हणून साधारण २४ तास आधी थांबवतात), साखरेच्या गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी.

टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकाच गोळीत असतील तर? त्याचं उत्तर आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. सकाळी सहाला विचारायला कोणी सापडत नाही.

> सावध: आदल्या रात्री "शांत झोप लागावी" म्हणून घरच्या डब्यातली जास्तीची गोळी देऊ नका. सत्तरीच्या पेशंटमध्ये तिची गुंगी दुसऱ्या दिवशी भुलीत मिसळते.

## ४. ओटीत काय चालतं, आणि 'उतारा' म्हणजे नेमकं काय

इथे तुमच्या हातात काही नसतं, पण हे कळलं तर बाहेर बसून चुकीचे अर्थ काढले जात नाहीत.

मणक्याच्या ऑपरेशनमध्ये पेशंट पालथा असतो. नसांवर लक्ष ठेवणारं मशीन लावलं असेल तर वायूची भूल कमी ठेवावी लागते, कारण तिने नसांचे संकेत दबतात. मग प्रोपोफॉलवर भर असतो. ऑपरेशन संपल्यावर पेशंटला उताणा करून शक्य तितक्या लवकर विचारतात, "पायाची बोटं हलवा बघू." लवकर जागं करण्याची घाई आहे ती यासाठी. पायात नवी कमजोरी असेल तर ती तासाभराने नव्हे, तेव्हाच कळायला हवी.

उतारा, म्हणजे आधी दिलेल्या औषधाचा असर उलटवणारी औषधं, अशी:

स्नायूंसाठी. निओस्टिग्मीन सोबत ग्लायकोपायरोलेट, किंवा सुगामाडेक्स. सुगामाडेक्स (नेहमीच्या स्थितीत वजनाच्या दर किलोला २ मिग्रॅ, शिथिलता खोल असेल तर ४) काही मिनिटांत काम करतं, पण फक्त रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमवर, ॲट्राक्युरियमवर नाही. शिवाय निओस्टिग्मीनपेक्षा महाग. "महागातलं वापरा" असा आग्रह धरण्यात अर्थ नाही, आधी कोणतं शिथिलक वापरलंय यावर निवड ठरते. आणि यातलं कोणतंही औषध झोप उतरवत नाही. त्याने श्वास घ्यायची, मान उचलायची ताकद परत येते, एवढंच.

मॉर्फिनच्या जातीच्या औषधांसाठी. नॅलोक्सोन, थोडं थोडं करून. एकदम दिलं तर वेदना पूर्ण ताकदीने परत येतात. त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास. मॉर्फिन त्याहून जास्त वेळ टिकतं. म्हणून नॅलोक्सोन लागलेल्या पेशंटला लगेच वॉर्डात पाठवत नाहीत.

मिडाझोलाम गटासाठी (गुंगी आणणारी औषधं, अल्प्राझोलामही त्यातलंच). फ्लुमाझेनिल. क्वचितच लागतं, आणि रोज अल्प्राझोलाम घेणाऱ्याला त्याने फिट येऊ शकते. झोपेची गोळी लपवू नका, ती यासाठीही.

झोपेच्या वायूला किंवा प्रोपोफॉलला उतारा नाही. वायू श्वासातून बाहेर पडतो, प्रोपोफॉल रक्तातून पांगतं. साधारण १० ते २० मिनिटांत पेशंट हाकेला डोळे उघडतो, चार-पाच तासांच्या ऑपरेशननंतर जरा जास्त वेळ. त्यापुढे लांबलं तर भूलतज्ज्ञ साखर, अंगाचं तापमान, सोडियम, साचलेला कार्बन डायऑक्साइड आणि वेदनाशामकाची मात्रा तपासतो. कारण सापडण्याआधी आणखी एक इंजेक्शन मागणं उपयोगाचं नसतं.

> स्त्रियांसाठी: सुगामाडेक्स दिलं असेल आणि तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर पुढचे ७ दिवस दुसरा उपायही वापरा. डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या.

सर्जनने जखमेच्या कडांना किंवा भूलतज्ज्ञाने पाठीच्या स्नायूंच्या थरात सोनोग्राफीने पाहून बधिर करणारं औषध भरलं, तर पहिल्या दिवसाचं मॉर्फिन कमी लागतं, म्हणजे गुंगी आणि मळमळ दोन्ही कमी. तपासणीच्या वेळीच विचारा: "ब्लॉक देणार आहात का?"

## ५. पहिले सहा तास

रिकव्हरीत थरथर सुरू झाली की घरचे घाबरतात. बहुतेक वेळा ती थंड ओटीची असते. गरम पांघरूण आणि गरज पडली तर ट्रामाडॉल किंवा पेथिडीन या मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामकांचा लहान डोस पुरतो. पालथं राहिल्याने चेहरा, पापण्या सुजलेल्या दिसतात, त्याही उतरतात. पेशंटच्या नजरेत फरक वाटला तर मात्र लगेच सांगा.

क्रम असा ठेवा:

1. पूर्ण जाग. नाव, जागा विचारल्यावर नीट उत्तर.
2. परवानगी मिळाल्यावर दोन-तीन घोट पाणी. १५ मिनिटं थांबा.
3. मळमळ नसेल तर नारळपाणी, मग पातळ पेज.
4. पोटात काही गेल्यावरच तोंडाने गोळ्या.
5. वेदनेची गोळी घेऊन अर्धा-पाऊण तास झाल्यावर उठवणं. कुशीवर ओंडक्यासारखं एकसंध वळायचं, पाय खाली सोडायचे, दोन-तीन मिनिटं कडेला बसायचं, मग उभं राहायचं.

लोक चौथी पायरी दुसरीच्या जागी करतात. रिकाम्या पोटी ट्रामाडॉल म्हणजे उलटी, उलटीने टाक्यांवर ताण, मग आणखी वेदनाशामक. "पॅन्टोप्राझोल दिलंय ना, मग उलटी का?" असंही ऐकू येतं. ते आम्लपित्ताचं औषध आहे, भुलीच्या मळमळीवर चालत नाही. त्यासाठी ओंडॅनसेट्रॉनच, आणि ओटीत देऊन सहा तास झाले नसतील तर वेगळ्या गटातलं दुसरं.

> सक्त ताकीद: वेदनाशामकाचा पीसीए पंप (बटण दाबल्यावर ठरावीक डोस शिरेत सोडणारा) लावला असेल तर बटण फक्त पेशंटने दाबायचं. झोपलेल्या आईच्या कळवळ्याने मुलाने बटण दाबलं की पंपाची सुरक्षाच संपते, कारण गुंगीत असलेला माणूस स्वतः बटण दाबू शकत नाही यावरच ती उभी आहे.

रात्री सोबत बसणाऱ्याने घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. १०च्या खाली असतील, हाक मारून जाग येत नसेल, किंवा घोरणं अडखळत असेल तर सिस्टरला लगेच उठवा. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

## ६. पहिले तीन दिवस: वेदना मागे पळत पकडू नका

"सहन होत नाही तेव्हाच गोळी" हा शहाणपणा इथे उलटा पडतो. वेदना चढली की मोठा डोस लागतो, मोठ्या डोसाने गुंगी येते, गुंगीत पेशंट श्वास उथळ घेतो आणि उठत नाही. पाया म्हणून ठरावीक वेळेने पॅरासिटामॉल: ५० किलोपेक्षा जास्त वजनाला १ ग्रॅम दर ६ तासांनी, दिवसाला कमाल ४ ग्रॅम. बारीक, वयस्कर किंवा यकृताचा त्रास असलेल्यांना कमी. त्यावर कमी पडेल तेवढंच ट्रामाडॉल.

जोडगोळ्यांचा हिशेब इथे चुकतो. ट्रामाडॉलच्या जोडगोळीत ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल असतं, ॲसिक्लोफिनॅकच्या जोडगोळीतही. वर कणकण वाटली म्हणून घरातली ६५०ची गोळी. तिन्ही मिळून दिवसाचा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. कागदावर चार रकाने आखा, प्रत्येक गोळीपुढे तिच्यातलं पॅरासिटामॉल लिहा.

इतर जोड्या ज्या टाळायच्या:

- ट्रामाडॉल आणि नैराश्याच्या काही गोळ्या (एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन): थरथर, घाम, ताप, क्वचित फिट.
- प्रीगाबालिन (नसांच्या वेदनेची गोळी) आणि ट्रामाडॉल: दोन्ही लिहून दिलेली असली तरी ज्येष्ठांत लहान मात्रेपासून. दोन्हींवर अल्प्राझोलाम चढवलं तर श्वास मंदावतो.
- टिझानिडिन (स्नायू सैल करणारी गोळी) आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन (अँटिबायोटिक): एकत्र देतच नाहीत, बीपी धोकादायक खाली जातं.
- डायक्लोफिनॅक गट (सूज आणि वेदनेच्या गोळ्या), टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी: मूत्रपिंडाला तिहेरी मार. मणक्यात स्क्रू टाकून हाड जुळवलं असेल तर काही सर्जन हा गट मुळातच टाळतात; विचारा.

ज्येष्ठ पेशंट संध्याकाळी बरळू लागला तर आधी चष्मा, कानाचं यंत्र द्या, दिवे नीट लावा, ओळखीचं माणूस जवळ बसवा. वेदना, तुंबलेली लघवी आणि ऑक्सिजन तपासायला सांगा. "शांत करायला" ॲव्हिल किंवा फेनर्गन मागू नका, त्यांनी भ्रम वाढतो.

## ७. बद्धकोष्ठ पहिल्याच दिवशी धरा

ट्रामाडॉल, मॉर्फिन, ओंडॅनसेट्रॉन, सगळेच आतड्याचा वेग कमी करतात. आपल्याकडे लगेच इसबगोल आठवतो. पण आतडं मंद असताना आणि पाणी कमी पीत असताना इसबगोल गोळा होऊन बसतो. लॅक्टुलोज १५ ते ३० मिली रात्री, किंवा बिसाकोडिल ५ ते १० मिग्रॅ, हे जास्त उपयोगी. तिसऱ्या दिवसाची वाट पाहिली की कुंथणं आलं, आणि कुंथताना पाठीत कळ येते ती वेगळीच.

लघवीची नळी काढल्यावर ६ ते ८ तासांत लघवी व्हायला हवी.

> तपासा, ताबडतोब: लघवी न होणं, जांघांच्या मध्ये बसायच्या जागी बधिरपणा, पायात नवी कमजोरी. यातलं एक जरी दिसलं तरी त्याला भुलीचा उरलेला परिणाम समजू नका. सर्जनला त्याच वेळी बोलवा.

## ८. घरी जाताना

डिस्चार्ज संध्याकाळी उशिरा मिळतो आणि घराजवळचा केमिस्ट बंद व्हायला आलेला असतो. ट्रामाडॉल आणि अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये येतात. मूळ चिठ्ठी लागते, केमिस्ट नोंद ठेवतो, मोबाइलवरचा फोटो दाखवून ती मिळायला नकोत. म्हणून रुग्णालयातल्या दुकानातूनच किमान तीन दिवसांची घेऊन निघा.

विरार किंवा कल्याणपर्यंतचा प्रवास असेल तर निघण्याआधी पाऊण तास, थोडं खाऊन, वेदनेची गोळी. रिक्षा नको, पुढची सीट मागे कलणारी गाडी बरी. बिनलिफ्टच्या इमारतीत तिसरा मजला असेल तर प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवायला शेजाऱ्यांना आधीच सांगा. पहिले २४ तास गाडी चालवणं, दारू, आणि सह्या करणं बंद. ट्रामाडॉल किंवा प्रीगाबालिनची गुंगी असेपर्यंत गाडी त्यापुढेही नाही.

थांबवलेल्या गोळ्या कधी सुरू करायच्या, ही ओळ डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा नसते. रक्त पातळ करणारं औषध, टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन: प्रत्येकापुढे तारीख लिहून घ्या. डापाग्लिफ्लोझिन जेवण पूर्ववत झाल्याशिवाय सुरू करत नाहीत.

ताप, जखमेतून पाण्यासारखा स्राव आणि उभं राहिल्यावर वाढणारं डोकेदुखणं, पोटरी सुजून दुखणं, यासाठी फॉलोअपच्या तारखेपर्यंत थांबू नका.

गोळ्या कमी करताना आधी ट्रामाडॉल, मग डायक्लोफिनॅक गट, शेवटी पॅरासिटामॉल. प्रीगाबालिन काही आठवडे घेतलं असेल तर ते एका दिवशी सोडू नका, डॉक्टरांना विचारून किमान आठवडाभरात उतरवत आणा. उरलेलं ट्रामाडॉल घरच्या औषधांच्या डब्यात ठेवू नका. पुढच्या महिन्यात कोणाची तरी कंबर धरते आणि "तुझ्या त्या गोळ्या आहेत का?" म्हणून विचारणा होते.